कंबरपट्ट्याचा दर

जामसंड्यात आमच्या शेजारच्या काकी मासे विकणाऱ्या बायकांसाठी दुखऱ्या कमरेला आधार देणारे कंबरपट्टे शिवायच्या. जाड कापडात वेताच्या काड्या घालून सगळं हातानेच. दर सांगताना मात्र चोरी पकडल्यासारखी मान खाली घालायच्या.

माझ्या मुंबईच्या नणंदेने मापाचा पट्टा शिवून घेतला आणि मग म्हणाली, “एवढे? मेडिकलमध्ये निम्म्यात मिळतो.”

“मगे थंयसूनच घेवा,” म्हणत काकींनी तिच्यादेखत सगळे टाके उसवले आणि तिचं कापड परत दिलं. नणंद हसत निघाली.

हळूहळू मासेवाल्याही मेडिकलकडे वळल्या. काकी आंब्याच्या पेट्या उचलायला जाऊ लागल्या आणि कमरेतून वाकल्या.

“स्वतःसाठी तरी एक शिवा,” मी म्हटलं.

“दोन दिस शिवीत बसलंय तर मजुरी बुडतली. माका माझोच दर परवडणा नाय गो.”