छर्रा आत बसेना

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या शूटिंग रेंजवर टाकाऊ छर्ऱ्यांसाठी स्टीलची एक वाटी आहे. आज एक पडतो, पुढच्या शनिवारी दोन, आणि वर्षाअखेरीला वाटी उचलायला गेलं की मनगट वाकतं. हेही तसंच. आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

माझी लेक ऋतुजा इथे सिंगापूरला सेकंडरीच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत एअर रायफल शिकवतात. वर्गात ती कुणाशी बोलत नाही, डबा एकटीच खाते. पण रायफल हातात घेतली की तिचे खांदे सैल होतात, श्वास संथ होतो. तिला इतकी शांत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. टीममध्ये चार मुली घ्यायच्या होत्या. तिघी ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी आमची ऋतू आणि मेलिसा नावाची मुलगी. ऋतू एकदाच म्हणाली, "आई, नाही झालं तर मी सोडते." ती एकदा म्हणाली. मी रोज ऐकत होते.

*

माझं शिक्षण सातवी. ऋतूचा अभ्यास ती पाचवीत असतानाच माझ्या हाताबाहेर गेला. त्यामुळे कोच लिमनी पालकांना शनिवारी छर्रे निवडायला बोलावलं तेव्हा मला वाटलं, देव पावला. निवडणं तर माझं जन्माचं काम!

छर्रा म्हणजे शिशाचा, मुगाएवढा. पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे परकरासारखा घेर. घेर चेपलेला असला की छर्रा नळीत नीट बसत नाही, नेम हुकतो. म्हणून एकेक काचेवर घरंगळवायचा, वाकडा गेला की वाटीत टाकायचा.

पहिल्या शनिवारी मी सवयीने सगळा डबा ट्रेमध्ये ओतला आणि पाखडला. अख्ख्या हॉलभर शिसं! शस्त्रांची खोली सांभाळणारे रहीम अंकल गुडघ्यांवर बसून एकेक वेचत होते, कारण तिथे एक छर्रासुद्धा हरवून चालत नाही. शेवटचा सापडल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आँटी, दिस वन नॉट राइस."

*

मेलिसाची आई, मिसेस गोह, माझ्या शेजारी बसायच्या. नाकावर चष्मा, चष्म्यावर आणखी एक भिंग. आपल्या मुली एकाच जागेसाठी भांडताहेत हे दोघींना माहीत होतं, म्हणून आम्ही फक्त हवेबद्दल आणि माशांच्या भावाबद्दल बोलायचो.

एकदा कळलं, की महिनाभर चांगल्या आणि टाकाऊ छर्ऱ्यांच्या वाट्यांची अदलाबदल झाली होती. आम्ही डोळे फोडून निवडलेले चांगले छर्रे टाकाऊत गेले आणि मुलींनी वाकडे मारले. मला रडू यायला लागलं. कोच लिमनी वही उघडली, पानं उलटली, बंद केली. म्हणाले, "कुणाला सांगू नका. त्याच महिन्यात सगळ्यांचे मार्क वाढलेत."

*

हे सगळं ठीक होतं. खरा घोर लागला ऑक्टोबरात.

छर्रा नळीच्या तोंडाशी अंगठ्याने सरकवायचा आणि रायफलचा खटका बंद करायचा. ऋतूचा खटका बंदच होईना. असं झालं की हात वर करायचा, कोच येतात, छर्रा काढतात. घड्याळ मात्र थांबत नाही. पहिल्या दिवशी तिने तीनदा हात वर केला. पुढच्या शनिवारी सातदा. मी काचेच्या अलीकडे बसून तिचा तो हात मोजायचे. वर्गात जी मुलगी कधी हात वर करत नाही, तिला इथे परत परत करावा लागत होता.

*

ऋतूचे बाबा आंग मो किओ भागातल्या कारखान्यात आहेत, यंत्राचे सुटे भाग मोजून पास-नापास करतात. खंडेनवमीला मी त्यांच्या माप घ्यायच्या व्हर्नियरला हळदकुंकू लावते, तेव्हा ते वर्षातून एकदा माझ्यावर रागावतात. छर्रा न बसण्याचं कारण त्यांना ऐकताक्षणीच कळलं: माप! मला फोन लावून कोचना द्यायला सांगितलं आणि मग वीस मिनिटं मिलिमीटरचा शंभरावा भाग, नळीचा व्यास, शिशाचं उष्णतेने फुगणं, असं सगळं सांगितलं. कोच लिम भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, एअर रायफल. नॉट एअरप्लेन."

तरी ऋतूच्या बाबांच्या शब्दाखातर कोचनी नवा डबा फोडला. नव्या डब्यातले छर्रेही ऋतूच्या रायफलमध्ये बसेनात.

*

मग रहीम अंकलनी नळी साफ केली. कापडाचा बोळा बाहेर आला तो तांबूस. अंकलनी सगळ्यांना दाखवला आणि निदान केलं, "रस्ट." सिंगापूरची हवाच तशी, सगळ्याला गंज चढतो. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर सर्वांत जोरात. चला, हवेचा दोष, लेकरू सुटलं!

अंकलनी तेलपाणी करून रायफल आरशासारखी लखलखीत केली. पुढच्या शनिवारी ऋतूने नऊदा हात वर केला.

त्याच सुमारास मरीन परेडला राहणाऱ्या एक ताई मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटल्या. मी माझी चिंता सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, मुलीची जात, बंदूक कशाला? भरतनाट्यमला घाल, तिथे काही अडकत नाही." मी घरी येऊन देवासमोर बसले आणि सोमवार धरले.

*

शेवटी कोच लिमनी परीक्षा घेतली. ऋतूची साफ केलेली रायफल मेलिसाला दिली, मेलिसाची ऋतूला. ऋतूची रायफल मेलिसाच्या हातात लोण्यासारखी चालली. मेलिसाची रायफल ऋतूच्या हातात अडकली.

रायफल चांगली, छर्रे चांगले. उरली कोण? कोच फार हळू आवाजात म्हणाले, की कदाचित तिचा अंगठा तिरका पडत असेल. ऋतूने अंगठ्याकडे पाहिलं. घरी बेडोकला येईपर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये ती तो अंगठा मुठीत धरून बसली. मी विचारलं, "दुखतोय का गं?" तर म्हणाली, "नो लाह, आई. इट्स जस्ट मी."

*

निवडीचा दिवस. चाळीस नेम, ठरलेला वेळ. अकराव्या नेमाला ऋतूचा हात वर. चौदाव्याला. पंधराव्याला. सतराव्याला तिने हात वर केला नाही, डोळे पुसले.

रहीम अंकल तिच्याजवळ गेले. या वेळी त्यांनी रायफलला हात लावला नाही. तिच्या शेजारची छर्ऱ्यांची पेटी उचलली. ही पेटी प्रत्येकीची स्वतःची असते. आत काळा स्पंज, त्याला भोकं, भोकात एकेक छर्रा डोकं खाली करून ठेवायचा. छर्रे शाळेत राहतात, रिकामी पेटी बॅगेतून घरी येते.

अंकलनी पेटी टेबलावर उलटी करून ठोकली. छर्रे पडले. त्यांच्यामागून तांबड्या पापुद्र्यांचा चुरा पडला आणि तांदळाचे तुकडे. अंकलनी बोट लावून वास घेतला. "कोकोनट ऑइल," म्हणाले.

खंडेनवमीला व्हर्नियर, मिक्सर, शिलाई मशीन यांच्याबरोबर मी ती पेटीही पुजली होती. बाकी सगळ्यांना एकेक बोट. पेटीला मात्र पन्नास भोकं, आणि लेकीचा एकही नेम देवाच्या नजरेतून सुटायला नको! म्हणून खोबरेल तेलात कुंकू कालवून मी काडीने प्रत्येक भोकात लावलं होतं, वर अक्षता. छर्रा कुठल्याही डब्यातला असो, त्याच्या डोक्याला तेच चिकटत होतं.

कोच विचारत होते, हे काय आहे, कुणी केलं. ऋतू काचेतून माझ्याकडे बघत होती. मला इंग्रजी सुचेना. मी ऋतूसारखाच हात वर केला.

कोच लिमनी छर्रे पुसून तिला दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रायफल ओके. पेलेट ओके. गर्ल ओके."

त्यानंतरचे नेम एकदाही न अडकता गेले, पण वेळ संपला तेव्हा चार बाकी होते. चौथी जागा मेलिसाला मिळाली, ऋतू राखीव. मिसेस गोह माझ्याकडे न बघता माझा हात धरून बसल्या.

घरी आल्यावर बॅग उघडून ऋतूने पेटी काढली. म्हटलं, आता फेकणार. तिने नळाखाली स्पंज धुतला, पिळला, पेटी पुसली आणि देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवली.

"आई," ती म्हणाली, "बाहेरून लाव. आत नको."