बागेला घातलेला बांध

मी बडोद्याला निघाले त्या दिवशी कर्जत स्टेशनवर सगळी भावकी होती, फक्त माझे वडील नव्हते. आबा बागेत गुडघाभर पाण्यात उभे होते. बांध फुटला होता. आईने निरोप आणला, "म्हणाले, गाडी दुसरी येईल, पाणी गेलं तर गेलं." लग्न वैशाखात झालं होतं, पण यांना क्वार्टर मिळेपर्यंत मी माहेरीच, म्हणून निघायला आषाढ उजाडला. मॅट्रिक झालेली मी, हातात प्लॅस्टिकची पर्स आणि तोंडाला इतकी पावडर, की रडले तेव्हा गालांवर पाट निघाले. सगळ्यांना वाटलं, विरहाने रडतेय. रागाने रडत होते.

बागेत गुडघाभर पाणी कशाला, ते सांगते. माझे थोरले काका स्वातंत्र्याच्या लढ्यात डोंगरात गेले, गावचे आणखी दोघं बरोबर. तिघंही परतले नाहीत. काही सापडलंही नाही. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा गावाने ठरवलं, तिघांच्या नावाचा दगड उभारायचा आणि भोवती बाग करायची. जागा आबांनी दिली, रस्त्याला लागून असलेलं भाताचं खाचर. नकाशा मी काढला. हसू नका. मासिकातलं चित्र समोर ठेवून काढला: मधे कारंजं, भोवती गुलाब, चार कोपऱ्यांत अशोक. कारंज्याचे पैसे जमले नाहीत, पण रोपं लागली.

मग जे झालं ते आमच्याच माणसांच्या हातून होऊ जाणे. पावसाळ्याच्या तोंडावर बांध नीट करायची पिढ्यान् पिढ्यांची सवय. आबा आणि शेजारची चार माणसं कुदळी घेऊन गेली आणि बागेला चारी बाजूंनी झकास बांध घालून आली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. बागेचं तळं झालं, गुलाब कुजले.

"आबा, बागेला बांध कोण घालतं?" मी कपाळावर हात मारला.

"जमीन उघडी टाकून झोप लागत नाय गं." मग जरा वेळाने, "आता पाणी हायच, तर भात लावून टाकू. भावाच्या दगडाभोवती नुसता चिखल बरा नाय दिसत."

पंधरा ऑगस्टला मोठे पाहुणे आले आणि भाषण बांधावर उभं राहून करून गेले. आईने ते मास्तरांकडून पत्रात लिहवून पाठवलं. पत्र मी ट्रंकेच्या तळाशी दडपलं, कारण तोवर मी एक उद्योग करून बसले होते. बडोद्यातल्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला तिथली मोठी बाग दाखवली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे असं काही नसेल, नाही?" मी विसाव्या वर्षाची अतिशहाणी. म्हटलं, "आहे की. माझ्या काकांच्या नावाची. कारंजंसुद्धा आहे."

ते कारंजं मला पन्नास वर्षं पुरलं. हे जावई म्हणून गावी आले की मी त्यांना बागेच्या वाटेने नेतच नसे. एकदा पंप जळलेला असे, एकदा टाकी गळत असे, एकदा तर मी बेडूक अडकवला.

दरम्यान बडोदं अंगवळणी पडलं. भाजीचं शाक झालं, डाळीत गूळ पडायला लागला, शेजारणी बेन म्हणू लागल्या, मुलं आपसात गुजरातीत भांडू लागली. तिकडे आबा गेले, आई गेली, भाऊ गेला. बागेतली लावणी मात्र चुकली नाही. गाव मिळून करतं. पहिला भात दगडापुढे ठेवतात, बाकीचा तांदूळ शाळेला.

यंदा भाच्याचा, अविनाशचा फोन आला. "आत्या, बागेचं सुशोभीकरण हाय. बांध काढून सपाट करणार, पेव्हर ब्लॉक, आन् मधे कारंजं. लायटिंगवालं!" जमीन देताना आबांनी कागदात एक ओळ घालून ठेवली होती: माझ्या मुलांच्या संमतीशिवाय बांध मोडू नये. मुलांपैकी उरले मी एकटी. "तू सही दिलीस की लगेच जेसीबी येतोय," अविनाश म्हणाला.

म्हणजे माझी थाप आयतीच खरी होत होती. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू? यांनाही बरोबर घेऊन गेले.

गुडघे आमच्या दोघांचेही गेलेले. अविनाशला धरून बांधावर चढलो. दगडावर काकांचं नाव, भोवती पाणी, नुकती लावलेली रोपं. पायाजवळ बांध पाझरत होता. मी चप्पल काढली आणि टाचेने चिखल दाबला. कोणी सांगितलं नव्हतं. मग मान वर केली तर दगड चार हातांवर. आबा दर पावसाळ्यात इथेच उभे असायचे. भावाजवळ उभं राहायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. आणि मी स्टेशनवर पावडर पुसत त्यांच्यावर फणफणत होते.

यांना म्हटलं, "ऐका, इथे कारंजं कधीच नव्हतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळीपासून. आबांनी पार्सलने तांदूळ पाठवले होते. पोत्यात चिठ्ठी होती: जावईबापू, बागेतला हाय, खाऊन बघा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पंप इतका छान जाळलास, मला पुढचा बिघाड ऐकायचा होता."

अविनाश बांधावर बसून हसायला लागला. मी त्याला म्हटलं, "हसतोस काय, लिही. बांध मोडायचा नाही. तुमचे ब्लॉक रस्त्याच्या कडेला बसवा."

"आन् कारंजं गं?"

"ते माझ्याकडे आहे."

गावात राहिलेल्यांनो, लावणी चुकवू नका. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही कुठे ना कुठे एखादं कारंजं उडवून आला असालच. घरी जाऊन चप्पल काढून बघा.

परवा सोसायटीत नवी शेजारीण आली. "बेन, तमारुं गाम कयुं?" म्हटलं, कर्जतच्या पुढे, तिथे माझ्या काकांच्या नावाची बाग आहे. तिने विचारलं, "बगीचामां शुं छे?"

"भात," म्हटलं.