सभेतली एकटी हिरवी टोपी

केनियातल्या किसुमूच्या विमानतळावर आम्हांला निरोप द्यायला दोन गट आले होते आणि ते एकमेकांपासून बरेच अंतर राखून उभे होते. एका बाजूला साखर कारखान्यातली आमची मराठी माणसे होती: मुख्य अभियंता घोरपडेसाहेब, त्यांच्या पत्नी आणि त्यांच्या हातात आमच्यासाठी बांधून आणलेला दशम्यांचा डबा. दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाचे हिरवे टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस तरुण मुले-मुली होती. त्यांच्या पुढे अकिन्यी उभी होती. ती माझ्या प्रयोगशाळेत सात वर्षे काम करत होती. मुले गात होती. गाण्यात माझे नाव नव्हते, कारण 'मोकाशी' त्यांच्या जिभेवर कधी नीट बसलेच नाही. 'मुहिंदी वेतू', म्हणजे 'आमचा हिंदी माणूस', एवढेच शब्द परत परत येत होते.

घोरपडेसाहेब माझ्या कानाशी लागले. "मोकाशी, विमानात बसेपर्यंत मान खाली ठेव. फोटो काढताहेत ती पोरं."

मान खाली ठेवणे मला कधीच अवघड गेले नाही. अकिन्यीने पुढे येऊन माझे दोन्ही हात हातांत घेतले. ती मला म्वालिमू म्हणत असे. आपल्याकडे गुरुजी म्हणतात, तसे. "म्वालिमू, त्यांनी तुम्हांला घालवलं," ती म्हणाली. "पण आम्ही हे विसरणार नाही."

मला कोणीही घालवले नव्हते. माझ्या पत्नीला, नलिनीला, बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली होती आणि मुलीला घेऊन मी तिच्या मागोमाग निघालो होतो. हे वाक्य तेव्हाच उच्चारले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. मी म्हणालो, "थँक यू," आणि आत गेलो.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. लिहिण्याची सवय मला नाही. अहवाल सोडले तर पन्नाशी उलटेपर्यंत मी काही लिहिलेले नाही. तरी जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे इकडे आले, त्या दोघांनाही एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून हा प्रयत्न.

सांगलीहून मी केनियात गेलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. साखर बनवणारी आपली माणसे त्या भागातल्या कारखान्यांत पुष्कळ होती आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घोरपडेसाहेबांनी मला जो धडा दिला, तो रसायनशास्त्राचा नव्हता. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत दोन टोप्या होत्या. निळी सत्ताधारी पक्षाची, हिरवी विरोधी पक्षाची. "ज्याची सभा त्याची टोपी," ते म्हणाले. "आपण इथे साखर करायला आलोय, मोकाशी, सरकार करायला नाही. आपल्याला मत नाही, परमिट आहे. परमिटवाल्यानं दोन्हीकडे हसायचं." कारखान्यातल्या प्रत्येक भारतीयाच्या खणात अशा दोन टोप्या असत. निवडणुकीच्या आधी आमच्या बायका त्या धुऊन वाळत घालत, आणि तेही घरामागे, एका वेळी एकच रंग.

मी हा धडा मन लावून पाळला. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला तो सोयीचाच होता. बावीस वर्षे मी त्या गावात राहिलो, तिथल्या लाल मातीत माझी मुलगी चालायला शिकली, आणि तरीही राजकारणाचा विषय निघाला की मी चहा ढवळू लागे. प्रयोगशाळेत मात्र तो विषय रोज निघे, कारण अकिन्यी तिथे होती. रसाचा नमुना तपासता तपासता ती देशाची घडी नव्याने बसवत असे. गावातल्या तरुणांची विरोधी पक्षाची शाखा तिनेच उभी केली होती. शिकलेली, कामाविना बसलेली, मोटारसायकलवर प्रवासी वाहणारी ती मुले आमच्या खासदारावर जीव टाकत. तो पंधरा वर्षे विरोधात होता. त्याला दोनदा अटक झाली होती. "सगळे विकले जातील," अकिन्यी म्हणायची, "आमचा म्हातारा जाणार नाही."

ज्या दिवशी त्याची सभा कारखान्याच्या मैदानावर होती, त्या दिवशी मी पहाटेपासून पॅनच्या मजल्यावर अडकलो होतो. पॅन म्हणजे पाक आटवण्याचे मोठे बंद भांडे. त्यात योग्य क्षणी साखरेचा दाणा धरावा लागतो. तो क्षण चुकला की सारी भट्टी बिघडते. त्या दिवशी दाणा काही केल्या धरत नव्हता. यंत्रांच्या आवाजात शेजारचा माणूस ऐकू येत नाही, तिथे रेडिओ कुठून ऐकू येणार? दुपारी एकदाचा दाणा बसला. घामाने निथळत मी प्रयोगशाळेत आलो, खणातून हिरवी टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि मैदानाकडे पळालो. कर्मचाऱ्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत होत्या. माझी रिकामी होती. मी जाऊन बसलो.

मग मी आजूबाजूला पाहिले. सारे मैदान निळे होते.

सकाळी नऊच्या बातम्यांत आमच्या खासदाराने पक्ष बदलला होता. त्याच्याबरोबर पंच गेले, शिक्षक गेले, चर्चचे लोक गेले, आणि दुपारपर्यंत गावाच्या डोक्यावरचा रंगही गेला. घोरपडेसाहेब दात आवळून कुजबुजले, "मोकाशी, टोपी काढ! अरे, रेडिओ ऐकला नाहीस का?"

मी टोपी काढली नाही. यात शौर्याचा लवलेश नव्हता, हे मला इथे स्पष्टपणे नोंदवायचे आहे. चार हजार डोळे माझ्याकडे लागले होते आणि त्यांच्यादेखत हात वर करून डोक्यावरची वस्तू काढणे माझ्याच्याने होईना. शाळेत शाई सांडली तरी उठून सांगायला न धजणारा मुलगा होतो मी. मी गोठून बसलो. खासदार ध्वनिक्षेपकावर हसून म्हणाला, "आमच्या इंडियन मित्राला ऊन फार लागतं आहे!" लोक बेताने हसले. आणि तेवढ्यात मैदानाच्या मागच्या टोकाला, जिथे अकिन्यी आणि तिची मुले उघड्या डोक्याने बसली होती, तिथून आरोळी उठली. पाण्याचे डबे बडवत ती मुले पुढे आली. त्यांनी मला खांद्यावर घेतले.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापकांनी मला बोलावून सौम्य समज दिली, एवढेच झाले. सहा महिन्यांनी नलिनीचे नेमणूकपत्र आले. गावाने या दोन घटना जोडल्या आणि त्यांतून एक माणूस तयार केला, ज्याने तत्त्वासाठी नोकरीवर पाणी सोडले. लोक रस्त्यात थांबून माझा हात हातात घेत. बाजारातली भाजीवाली कोथिंबिरीची जास्तीची जुडी पिशवीत टाकी. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटले की मी या गावाचा आहे, आणि ते एका गैरसमजावर उभे होते. मी तो दूर केला नाही.

बर्मिंगहॅममध्ये मी एका बिस्किटांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. आमचे सेमी-डिटॅच्ड घर बसच्या रस्त्यावर आहे. गंमत अशी की कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून इथे मला मत आहे, आणि ते मागायला लोक दारापर्यंत येतात. मी प्रत्येक पक्षाचे लीफलेट हसून घेतो. माझी मुलगी मुग्धा, जी आता युनिव्हर्सिटीत आहे, एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना येस म्हणता! त्या बाईने लिस्टमध्ये टिक केला तुमच्या नावासमोर, आणि आधीच्या माणसानी पण!" तिला खणाची गोष्ट ठाऊक नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला राजकारण निघते. मी केनियातून आलो हे कळल्यावर पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला मला म्हणाला, "काका, तिकडे लोकशाही वगैरे असते का हो? की सगळं मॅनेज्डच?" दुसरा म्हणाला, "अरे, त्यांना काय विचारतोस? आपल्याकडे तरी सकाळी कोण कुठल्या पक्षात आहे हे संध्याकाळपर्यंत कळतं का?" सगळे हसले. मला अकिन्यीबद्दल सांगायचे होते, उन्हात उघड्या डोक्याने बसलेल्या त्या मुलांबद्दल सांगायचे होते. मी मसालेभात वाढून घेतला. पण त्या रात्रभर माझ्या नाकात मळीचा तो आंबूस, गोड वास होता, जो एके काळी मला नकोसा होई. लोक विचारतात, सांगलीची आठवण येते का? येते. पण डोळे मिटले की दिसतो तो उसाच्या ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या मुलांनी भरलेला लाल रस्ता.

या वर्षी एका रविवारी दुपारी अकिन्यीचा फोन आला. ती अधूनमधून करते. आता ती वॉर्डच्या जागेसाठी उभी राहणार होती. पण तिच्या पक्षातले वरचे लोक एकामागून एक निघून गेले होते आणि सत्ताधारी पक्षाने तिच्यापुढे तिकीट ठेवले होते. ते घेतले की ती निवडून आल्यातच जमा होती. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे होते.

"माझ्या शाखेतली अर्धी मुलं आधीच तिकडे गेलीत, म्वालिमू," ती म्हणाली. "आई म्हणते, जा. नवरा म्हणतो, जा. रोज सकाळी वाटतं, जावं. मग तुम्ही आठवता. परका माणूस आमच्यासाठी नोकरी सोडून गेला, आणि मी तिकिटासाठी जाऊ?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि संध्याकाळी फोन करतो म्हणालो. नलिनी समोर मटार सोलत होती. तिने सारे ऐकले होते.

"अहो, बावीस वर्षं गप्प राहून तुम्ही सगळ्यांचे मित्र राहिलात," ती म्हणाली. "ती पोरगी आपलं आयुष्य तुमच्या टोपीवर टांगायला निघालीय. तिला तरी खरं सांगा."

संध्याकाळी मी सांगितले. पॅन, न बसणारा दाणा, न ऐकलेला रेडिओ, नलिनीची नोकरी, सगळे. फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत होता आणि लांब कुठे मोटारसायकल.

"म्हणजे तुम्हांला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"आणि कळल्यावर? तरी काढली नाहीत ना?"

"लाज वाटली. सगळे बघत होते."

मग ती म्हणाली, "सहा वर्षं मी तुमच्यावर भाषणं केली," आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले हे सांगणे अवघड आहे. कामावर बिस्किटांची आर्द्रता मोजत होतो आणि वाटत होते, जगाच्या पाठीवर एकच गाव मला आपला म्हणत होते, तेही आता गेले. तिने तिकीट घेतले तर ते माझ्यामुळे आणि नाकारून पडली तरी माझ्यामुळे, अशी माझी कोंडी झाली होती.

शनिवारी दुपारी फोन वाजला. "म्वालिमू, फोन स्पीकरला लावलाय," अकिन्यी म्हणाली. "मुलं बसलीत. फार नाहीत, एका झाडाखाली मावतील एवढीच. मला जे सांगितलंत ते यांना सांगा."

मी आयुष्यात कधी भाषण केलेले नाही. स्वयंपाकघरात उभा राहून, माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, मी दाणा धरत नव्हता इथपासून सुरुवात केली. ती कारखान्याच्या गावातली मुले. दाणा म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नाही. टोपी घालून धावत सुटलो इथवर आलो, तेव्हा कोणीतरी फिसकन हसले. सारे मैदान निळे दिसले इथे पोहोचलो, आणि ते झाड हसण्याने फुटले. एक मुलगा ओरडला, "म्वालिमू, आज तरी रेडिओ ऐकलात का? सांगा बघू, आज आम्ही कुठल्या पक्षात आहोत?" एक मुलगी म्हणाली, "अगं, यांना खांद्यावर घेताना माझ्या भावाची पाठ धरली होती! भरपाई मागा!" मी बोलायचे थांबलो तरी ती हसतच होती. इकडे मीही हसत होतो, आणि नलिनी मला पाण्याचा ग्लास देत होती.

शेवटी अकिन्यीने फोन कानाला लावला. "मी जात नाहीये, म्वालिमू," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, घाबरू नका. त्या दिवशी मीही मैदानात होते. मी रेडिओ ऐकला होता, तरी निळी टोपी घातली नव्हती."

ती बहुधा पडेल. ते तिलाही ठाऊक आहे आणि ती रोज उसाच्या वाड्या-वस्त्यांवर फिरते आहे. मी इथून फोन कानाला लावून तिच्या दिवसभराच्या हकिकती ऐकतो आणि जीव तिकडे ओढ घेतो. विमानतळावर जी गात होती ती मुले मला पाहुणा समजत होती. आज तीच मुले मला 'बहिरा म्वालिमू' म्हणतात. बावीस वर्षांत त्या गावात माझ्या तोंडावर कोणी कधी अशी थट्टा केली नव्हती. ज्या दिवशी ती केली, त्या दिवशी मी त्यांच्यापासून चार हजार मैलांवर होतो.

बर्मिंगहॅममध्ये सहा वर्षे झाली. इथे सगळे माझ्याशी फार सौजन्याने वागतात.