वहिनीचा डेटम

आमच्या वहिनीला कारखान्यात सगळे 'मायक्रॉनबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी, कारण मी धाकटा दीर. मी पॅकिंगला असतो. ती मोजमापाच्या गार खोलीत सीएमएम मशीनशी संसार करते. त्या मशीनच्या सुईच्या टोकाला लाल मणी असतो. तो जिथे टेकतो ती जागा संगणक टिपून घेतो.

"पण आधी डेटम!" ती नव्यांना सुनावते. "कुठल्या पृष्ठापासून मोजायचं ते आधी ठरवा. तेच तिरकं घेतलंत, तर पुढचं सरळसुद्धा तिरकं दिसेल."

आणि ही बाई नेमकी तिथेच घसरली.

पंपाच्या बॉड्यांचा लॉट होता. त्यांची भोकं दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तिच्या नवऱ्यानं पाडलेली. वहिनीनं रिपोर्ट दिला: सगळी भोकं तिरकी. नवऱ्याचं काम म्हणून ती सूट देईल असं कुणाला वाटलंही नव्हतं. दादानं मात्र रिपोर्ट वाचून आपल्या हाताकडे पाहिलं. हल्ली त्याचा उजवा हात थरथरायचा. तो चहा अर्धाच कप घ्यायचा आणि आम्ही ते न पाहिल्यासारखं करायचो.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "हात गेला माझा. उद्या साहेबांना सांगतो, मला स्टोअरमध्ये टाका."

ज्या मशीनवर केस पिकले ते सोडायचं म्हणताना त्याचा आवाज कातर झाला. वहिनी ताटं उचलून आत गेली.

सकाळी आम्ही पोचायच्या आधीच ती कामावर हजर. मी डोकावलो तर बॉड्या पुन्हा टेबलावर मांडलेल्या.

"सगळीच भोकं एकाच बाजूला, तेही सारखीच तिरकी?" ती म्हणाली. "थरथरणारा हात इतका शिस्तीचा नसतो, भावजी."

घोळ तिचाच होता. बॉडी मोजताना धरून ठेवणारं नवं फिक्स्चर आलेलं, घाईही होती. प्रत्येक बॉडीच्या तळाला मणी टेकवण्याऐवजी तिनं फिक्स्चरच्या पाटावरच डेटम घेतला. बॉडी त्यावर सपाट बसते असं गृहीत धरलं. पण एका टेकूवर धातूची बारीक कपची चिकटली होती, आणि प्रत्येक बॉडी तिच्यावर कलून बसत होती.

दादा साहेबांच्या केबिनकडे निघाला होता. वहिनीनं त्याला सगळ्यांसमोर अडवलं.

"डेटम माझा चुकला होता. तळापासून पुन्हा मोजलं, तुमचं काम बरोबर आहे."

दादानं मान हलवली. "समजूत घालू नकोस माझी. मला कळतं."

तशी तिनं दोन बॉड्या त्याच्या हातात आदळल्या. "समजूत? यांची भोकं खरंच तिरकी निघालीत. दोन्ही रिजेक्ट!"

दादानं त्या उलटसुलट करून पाहिल्या, आणि कालपासून पहिल्यांदा हसला.

"मग बाकीच्या नक्की चांगल्या आहेत," म्हणाला, आणि आपल्या मशीनकडे वळला.