नणंदेच्या हाताचं माप

माझी उंची चार फूट अकरा इंच. लग्न जमवताना आमच्या घरच्यांनी ती पाच फूट सांगितली. तो वाढवून सांगितलेला एक इंच मला पुढं पंधरा वर्षं भोवला, असं मी चारचौघांत हसत हसत सांगत आले. पण ते खरं नाही. भोवलं ते दुसरंच खोटं, आणि ते मी स्वतः, चांगली शुद्धीवर असताना बोलले होते.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कोल्हापुरात रंकाळ्याच्या पलीकडं नवी घरं उठत होती, त्यातल्याच एका बैठ्या घरात मी सून म्हणून आले. घरातली सगळी माणसं उंच. सासरे उंच, नवरा उंच, नणंद तर उसासारखी सरळसोट. आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, उंचीनं मोठ्या आणि आवाजानं त्याहून मोठ्या. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात.

स्वयंपाकघरात तेव्हा भिंतीला दोन लाकडी फळ्या होत्या. खालच्या फळीवर चटणीची बरणी. चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी. ती हाताशी नसेल तर आमच्याकडं गॅस पेटवूनही उपयोग नाही. नव्या नवरीचा त्या घरात बाकी कशापर्यंत हात पोचत नव्हता, पण चटणीपर्यंत पोचत होता. तेवढं मला पुरत होतं.

मग नणंदेचं लग्न ठरलं आणि घराला एकदम लाज वाटायला लागली. पावणं येणार, फळ्या बघणार, काय म्हणणार! भिंतीला दारांची कपाटं करायची ठरली. ती किती उंच न्यायची यावर पंधरा दिवस खल चालला. सासरे म्हणाले, "पार छताला भिडवा. वर जागा सोडली की झुरळं संसार थाटत्यात." नवऱ्याचं म्हणणं, वर हातभर जागा सोडावी, तिथं पितळेची भांडी मांडावी, शोभा येते. दोघांनीही जन्मात स्वतःचा चहा करून घेतला नव्हता, म्हणून दोघांची मतं एकदम ठाम. आत्तींनी दोघांनाही उडवून लावलं. मला कुणी विचारलं नाही. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "माझा हात पोचेल एवढं बघा म्हणजे झालं." तो म्हणाला, "मग तूच सांग की मिस्त्रीला." त्याच्या अंगावर आलेलं काम त्यानं असं नेहमी सन्मानानं माझ्याकडं वळवलंय.

मिस्त्री कबनूरचे. गावभर मागांची खटखट, भाऊबंद सगळे मागावर, ह्यांनी एकट्यानं रंधा धरलेला. सकाळच्या एसटीनं यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाटाचा वाद मिटवला. "पावणं, भिंतीचं माप मागनं घ्यायचं, आधी बाईचं घ्यायचं," ते सासऱ्यांना म्हणाले. "रोज रांधणारी बाई अनवाणी उभी करायची, हात वर करायला लावायचा. बोटं टेकली तिथं चटणीची फळी. त्याच्या वर मग तुमची काय हौस आसंल ती करा."

वा रे पठ्ठ्या! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. ह्या घरात मला उभं करून माझं माप घेणारा कुणीतरी भेटला होता. सोमवारी खूण करतो, तोवर अंगणात लाकडं कापून घेतो, असं ते म्हणाले. सोमवार मी मनात धरून ठेवला.

पण सोमवार यायला सहा दिवस होते आणि त्यातल्या पहिल्या तीन दिवसांनीच माझा जीव घेतला. भुशानं घर भरलेलं. मिस्त्री आणि त्यांचे दोन जोडीदार, त्यांना दिवसातनं चार वेळा चहा. लग्नाच्या गडबडीतले येणारे-जाणारे वेगळेच. भाकऱ्या थापून थापून मनगट सुजलं. शुक्रवारी सकाळी माझं डोकं फिरलं आणि मी जाहीर करून टाकलं, "आत्ती, मला कावळा शिवला."

त्या घरात तेव्हा पाळत असत. पाळी आली की तीन दिवस मागच्या पडवीत बसायचं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन आत. आता माझ्या बाबतीत कावळा कसला आणि शिवतोय कसला! त्याला यायला अजून सहा दिवस होते. पण मी सगळं नीट बसवलं होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार पडवीत. सोमवारी न्हाऊन-माखून मापाला हजर. पापसुद्धा असं वेळापत्रक लावून केलं की पापासारखं वाटत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, शुक्रवार फार सुखाचा गेला. चटईवर बसून वाचनालयातली रहस्यकथा वाचली. ताट जाग्यावर आलं. त्या घरात मी पहिल्यांदा चहा मागितला आणि तो आला. आत नणंद आणि आत्ती भाकऱ्या थापत होत्या, तो आवाज ऐकत मी डुलकी काढली.

शनिवारी सकाळी मिस्त्री म्हणाले, "सोमवारी आमच्यात इचलकरंजीचं पावणं येणार हायती. मी काय येत न्हाय. खूण आजच मारतो."

मी पुस्तक टाकून उठले आणि उंबऱ्याशी येऊन थांबले. आत मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून उभे. "रोज रांधणारी बाई कोण?"

"सून हाय," आत्ती म्हणाल्या. "पर ती बाहेर बसलीया."

मिस्त्री समजूतदार माणूस. त्यांनी नजर खाली घातली. "मग थांबूया का मंगळवारपातूर?"

"थांबायला काय मुहूर्ताचं काम हाय? पोरगी हाय की. उभी ऱ्हा गं."

दोन महिन्यांनी जी पोरगी घर सोडून निपाणीला नांदायला जाणार होती, ती भिंतीला टेकून उभी राहिली. खिदळत तिनं हात वर केला. तो वर गेला तो गेलाच. मिस्त्रींना खूण करायला स्वतःच्या टाचा उचलाव्या लागल्या.

"अहो, लई वर व्हायलंय ते!" मी ओरडले आणि माझा पाय नकळत उचलला गेला.

"आत नगं येऊस!" आत्तींचा आवाज.

पाय हवेत राहिला. आता काय करू? आत पाऊल टाकून सांगावं, की मी बाहेरची नाही, मी खोटं बोलले, माझं माप घ्या? मग लग्नघरात, परक्या माणसांसमोर, वर्ष न झालेली सून कामचुकार आणि लबाड ठरणार, ती कायमची. गप्प बसावं तर चटणी गेली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी पाय मागं घेतला. भिंतीवर पेन्सिलीची रेघ उठली, आणि मी पडवीत जाऊन रहस्यकथेचं शेवटचं पान वाचलं. खुनी कोण होता ते आज आठवत नाही.

खरी गंमत पुढं. सहा दिवसांनी कावळा खरंच आला. आता सांगायचं कसं? महिन्यात दोनदा म्हटलं तर आत्ती मला डॉक्टरकडं नेणार. मी घड्या धुऊन दोरीवर लुगड्याखाली वाळत घातल्या आणि कामाला लागले. गुरुवार होता, आत्तींचा दत्ताचा वार. दर पुनवेला नृसिंहवाडीला जाणारी बाई ती, सोवळ्याची कडक. त्या दिवशीचा स्वयंपाक मी केला, नैवेद्याचं ताट मी वाढलं, माझ्या ह्या हातांनी. आत्तींनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं. पण पाप मनात असलं की मांजरसुद्धा आपल्याकडंच बघतंय असं वाटतं. त्यांनी ताट देवापुढं ठेवलं. वीज पडली नाही. दूध नासलं नाही. लोणच्याला बुरशी आली नाही. देवाकडनं काही तक्रार आली नाही.

कपाटं झाली. सासऱ्यांच्या इच्छेनं छताला भिडली, नवऱ्याच्या इच्छेनं तपकिरी रंग लागला, नणंदेच्या हाताच्या मापानं फळ्या बसल्या. दोन महिन्यांनी माप निपाणीला गेलं आणि मी कपाटाखाली उभी राहिले. टाचा उचलल्या, बोटं ताणली. चटणीच्या फळीची खालची कड बोटांना लागायची, बरणी नाही.

नवऱ्यानं मोठ्या प्रेमानं स्टूल आणून दिलं. झालं! स्टूल ओढा, चढा, बरणी काढा, उतरा, फोडणी करपलेली. पहिली काही वर्षं आत्तींना हाक मारायचे, "आत्ती, तेवढी चटणी द्या की." त्या यायच्या, बसल्या जाग्यावरनं काढल्यासारखी बरणी काढून द्यायच्या आणि दारात जरा घुटमळून जायच्या. रोज मागून घ्यायची चटणी! मला संताप यायचा. एकदा म्हटलं, बरणी ओट्यावरच ठेवू. तर म्हणाल्या, "कपाट कशाला केलंय मग?" त्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

एकदा स्टुलावरनं पडले. बरणी फुटली, वर्षाची चटणी फरशीवर. अख्खी गल्ली दिवसभर शिंकत होती. गुडघा सुजला. त्या दिवशी आत्तींनी गुडघ्याला हळद लावली, लावताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, बरणीबद्दल असणार.

दिवाळीला नणंद यायची. आल्या आल्या टाचही न उचलता वरचं कपाट उघडायची आणि म्हणायची, "वहिनी, किती सोयीचं केलंय गं हे!" वर्षातनं चार दिवस येणाऱ्या पाहुणीला सोयीचं स्वयंपाकघर सगळ्या कोल्हापुरात आमचंच असेल. हां, एक गोष्ट चांगली झाली. त्या वर्षानंतर बाहेर बसण्याचं प्रकरण आमच्या घरातनं हळूहळू गेलं. मी एकदा पडवीत चटई टाकायला लागले तर आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कणीक मळ." मला वाटलं, काळ बदलला.

दोन हजार साल मागं पडलं, आणखी सात-आठ वर्षं गेली. सासरे गेले. आत्ती वाकल्या, इतक्या की आता आम्ही दोघी खांद्याला खांदा लागून त्या कपाटाकडं खालनं बघायला लागलो. लाकडाला वाळवी लागली तेव्हा नवरा म्हणाला, सगळं काढून नवं करू. तेच मिस्त्री आले, केस पांढरे झालेले, गाडीवरनं. आता ते म्हणाले, "हल्ली ठरल्याली उंची आसती. हातबित कोण बघत न्हाय."

"आम्ही बघतो," आत्ती खुर्चीतनं म्हणाल्या. "हाताचंच माप घ्या."

मिस्त्री गाडीच्या डिकीतला टेप आणायला बाहेर गेले. मी दारात उभी होते, त्याच उंबऱ्याशी, का कोण जाणे.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. "ह्या येळंला तरी आत ये की."

"म्हणजे?"

"सा दिसांनी दोरीवर लुगड्याखाली तुझ्या घड्या वाळत हुत्या. परत बसायला पायजे हुतंस. बसली न्हाईस. मला काय मोजता येत न्हाय व्हय?"

पंधरा वर्षांनी माझे कान गरम झाले. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाही?"

"काय बोलू? मी बी खोटं बसलोय की. दोनदा." त्या थांबल्या. "न्हाय, तीनदा."

"मग त्या दिवशी माप तरी थांबवायचं!"

"तवा कुठं ठावं हुतं? सा दिसांनी कळलं. म्हटलं, चढू दे चार दिस स्टुलावर, लबाडीला तेवढं पायजे. मग येऊन म्हणंल, आत्ती, माझं चुकलं, फळी खाली घ्या. रोज वाट बघत हुतो. तू पडलीस तवा म्हटलं आपणच बोलावं. न्हाय बोललो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग पार उशीर झाला गं."

मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही कुणावर ते कळत नव्हतं. एकच गोष्ट मला विचारायची होती. "आणि त्या गुरुवारचा नैवेद्य? तो तुम्ही तसाच ठेवला देवापुढं?"

"ठेवला की. आन मागनं जेवलो बी." आत्ती म्हणाल्या. "मीठ कमी हुतं."

मिस्त्री टेप घेऊन आत आले. मी चपला काढल्या, आत गेले, भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात वर केला. मिस्त्रींनी पेन्सिल टेकवली आणि परत उचलली.

"वहिनी, हात हालवू नगा," ते म्हणाले. "परत माप चुकंल."