ओट्यावर ऊन

बाबांनी जन्मभर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढली. घराचं मात्र एकच काढलं, आमचं. शीळफाट्याजवळच्या जागेवर ते बांधायचं होतं. जागा रस्त्यात गेली आणि घर ट्रेसिंग पेपरवरच राहिलं. आईच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर सकाळचं ऊन यावं म्हणून त्यातली खिडकी त्यांनी तीनदा खोडून पुन्हा काढलेली.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी ठाण्यात एका आर्किटेक्टकडे कॉम्प्युटरवर इमारतींची थ्रीडी चित्रं करायचे. बाबा डोंबिवलीच्या हॉस्पिटलात, मणक्याच्या कॅन्सरने आडवे. मान उचलायची सक्त मनाई. दिवस फार नाहीत, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, बाबांना त्यांच्या घरात कॉम्प्युटरवर का होईना, फिरवून आणायचं. दारातून आत, थेट ओट्यापर्यंत. हॉस्पिटलात न्यायचं तर लॅपटॉपच हवा.

कल्याणला जुने लॅपटॉप विकणाऱ्याकडे दोन होते. एकाचा स्क्रीन झकास, पण मशीन मंद. दुसरा वेगवान, मेमरी दुप्पट. मी तोच उचलला.

"ताई, याचं समोरूनच नीट दिसतं हां. जरा खालून, बाजूने बघितलं की..."

त्याला मी पुरतं बोलूच दिलं नाही. "अहो, मला रेंडरिंग करायचंय, पिक्चर नाही बघायचा!"

मोठी शहाणी मी! प्रोसेसर विचारला, मेमरी विचारली. बघणारा माणूस कसा बघणार, हे डोक्यातच आलं नाही.

मिनिटभराच्या फेरफटक्याची चित्रं तयार करायला मशीन चार दिवस घरघरत होतं. त्या मंद मशीनला पंधरा लागले असते, हे मी आईला दहादा ऐकवलं.

पाचव्या दिवशी लॅपटॉप बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला. मी उभी होते, म्हणून स्क्रीन माझ्या बेताने मागे कलता केला आणि दाखवत सुटले. "हे दार, बाबा. हा हॉल." बाबा "वा, वा" करत होते. मग हळूच म्हणाले, "अगं, ओट्यावर ऊन आलं का?"

"बाबा, समोर दिसतंय की!" मी वसकन ओरडलेच.

"हो हो, आलं आलं. छान आलंय गं," म्हणत त्यांनी माझा हात थोपटला. मी खुशीत घरी आले. त्याच आठवड्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर एका दुपारी, फार आठवण आली म्हणून, स्टुलावरच्या लॅपटॉपवर ते घर लावलं आणि चटईवर आडवी झाले. पडल्यापडल्या बघते तर नुसतं राखाडी. दार नाही, हॉल नाही. उठून उभी राहिले, घर दिसलं. पुन्हा आडवी झाले, गेलं. किती वेळा तेच केलं, देव जाणे.

"काय गं, काय चाललंय तुझं?" आई आतून आली.

"आई, बाबांना काहीच दिसलं नव्हतं गं. ते मला विचारत होते, ऊन आलं का. आणि मी त्यांच्यावर ओरडले."