वटवाघळांचा वड आणि सांगलीचा बँड

“आवं चिंतामणराव, बँड म्हंजी वाजत न्हाई व्हय? मग फुकल्यावर त्यातनं काय जुंधळं गळत्यात?”

धोंडुबाईनं हे पाटलाच्या दारात विचारलं आणि तिकडं शिवेवरच्या मेंढरांनी माना वर केल्या. आवाजच तसा. आणि अशा बाईला गावानं काम कुठलं दिलेलं? वडाखाली शांतता राखायचं.

वेशीबाहेरच्या वडाला शेकड्यानं वटवाघळं लटकायची. चैत्र-वैशाखात त्यांच्या छातीला पिल्लं चिकटलेली असायची. म्हणून वडाच्या अल्याड-पल्याड दोन शेंदरी धोंडे, आणि त्या दोहोंच्या मधनं वरातसुद्धा मुकी जायची. चाल मोडणाऱ्यानं नऊ सकाळी वडाखाली झाडायचं. गेल्या साली सिद्धूनं बैलाला नुसती हाळी दिली, तर पंचांनी नऊ दिवस झाडायला लावलं. सिद्धू धोंडुबाईचाच लेक. पंचांपुढं त्याला उभा केला तोही तिनंच.

ह्या साली, म्हणजे सेहेचाळीसला, पाटलाचा दादासो पलटणीतनं सुटून आला आणि शिराळ्याची नवरी घेऊन, सांगलीचा बँड लावून वडाखालनं वाजवत आला. सात पिल्लं खाली पडली. नवरी दारात माप ओलांडायला उभी, तोवर पंचांनी तिथंच पान खात विचार केला आणि चिंतामण कुलकर्ण्यांनी निकाल दिला, “जुन्या चालीत हलगी आहे, ढोल आहे, ताशा आहे. बँड कुठं आहे?”

त्यावर धोंडुबाईनं जुंधळं काढलं. मग तिनं आवाज खाली घेतला, तेव्हा मात्र गाव दचकलं. काखेतली केरसुणी तिनं उंबऱ्यावर आडवी ठेवली.

“लक्षुमी हाय. वलांडा.”

नवरीचा उचललेला पाय तसाच राहिला. पाटलीणबाईनं पंचांकडं बघितलं, पंचांनी पानाच्या डब्याकडं.

“आरं, उचला की कुणीतरी!” दादासो वरडला.

“उचला. पर उचलंल त्यानं उद्यापास्नं झाडायचं.”

कुलकर्ण्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

“आवं, उचला की तुमीच,” नवरी पदराआडनं म्हणाली. “पाय भरून आला माझा.”

लढाई मारून आलेला दादासो बाशिंगासकट वाकला.

नऊ सकाळी त्यानं झाडलं. झाडलं म्हणजे कचरा इकडचा तिकडं केला. धोंड्यांच्या आत धोंडुबाई अवाक्षर बोलली नाही. नवव्या दिवशी केरसुणी हातात आल्यावर तिनं सगळं पुन्हा झाडलं, आपल्या मिरचीच्या खताला वटवाघळांच्या लेंड्या पाटीत भरल्या, शेंदरी धोंडा ओलांडला आणि मिरचीत घुसलेल्या पाटलाच्या शेळीला नऊ दिवसांची साठलेली शिवी घातली.